शीर, स्नायू आणि रिकामी गवसणी

कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीत ‘शीर’ हा एकच शब्द तीन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. दंडावर फुगलेली निळसर रक्तवाहिनी ही शीर, मनगटातला ताठ कंडरा ही शीर, आणि कोपर आपटल्यावर ज्यातून करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात तो मज्जातंतूही शीरच. बोलण्यापुरते हे चालून जाते, पण दुखापत झाल्यावर हा घोळ महागात पडतो.

करवीर तालुक्यातल्या, कुस्ती खेळणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाला गळीत हंगामात ऊस तोडताना कोयत्याचा निसटता घाव कोपराच्या आतल्या बाजूला बसला. टाके पडले, जखम भरली. परंतु दोन महिन्यांत हाताच्या पाठीवरचा, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा ओसरून तेथे खळगा दिसू लागला. चिमटीत धरलेला कागद आपण ओढला, की त्याच्या अंगठ्याचे पुढचे पेर आपोआप वाकत असे, कारण कोयत्याने कोपराजवळचा मज्जातंतू तुटून अंगठा सरळ ठेवून दाब देणारा स्नायू निकामी झाल्यामुळे दुसऱ्याच मज्जातंतूवर चालणारा स्नायू त्याचे काम करू पाहत होता. तालमीतला सल्ला ठरलेला होता: दूध-बदाम वाढव, तेल रगड, मांस भरून येईल.

हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. ऐच्छिक स्नायू स्वतःला पुन्हा घडवू शकतो, यात शंका नाही. बऱ्याच दिवसांनी बैठका मारल्या, की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात; ते साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे होते हा समज चुकीचा असून (ते आम्ल तासाभरातच निचरून जाते) त्यामागे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा आणि त्यानंतरची सूज असते. स्नायूतंतू म्हणजे अनेक केंद्रके असलेली एक लांबलचक पेशी. ती स्वतः विभागू शकत नाही. तिच्या पृष्ठभागाला चिकटून मात्र काही लहान पेशी निपचित पडलेल्या असतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायूत त्या पाहिल्या आणि त्यांना ‘सॅटेलाइट पेशी’ असे नाव दिले. इजा झाली, की या पेशी जाग्या होतात, विभागतात, एकमेकींत मिसळतात आणि नवा तंतू तयार होतो. उंदरांमधून या पेशी जनुकीय युक्तीने काढून टाकल्या, तर इजा झालेला स्नायू पुन्हा घडत नाही, हे 2011 मध्ये अनेक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. अशा प्रयोगांत स्नायूला इजा करण्यासाठी नागाच्या जातकुळीतील सापांच्या विषातले कार्डिओटॉक्सिन सर्रास वापरतात, कारण ते स्नायूतंतू नष्ट करते, पण सॅटेलाइट पेशी बहुतांशी शाबूत राहतात.

आता सल्ल्यातला दुसरा अर्धा भाग. मज्जातंतू तोडून हाच प्रयोग केला, तरी नवे तंतू तयार होतात. सुरुवातीच्या दिवसांत तर फरक शोधावा लागतो. पुढे मात्र हे तंतू बारीकच राहतात, त्यांच्यात मंद आणि दमदार तंतूंची प्रथिने नीट तयार होत नाहीत, आणि काही आठवड्यांत ते झिजू लागतात. म्हणजे स्नायूचा जन्म मज्जातंतूवाचून होऊ शकतो, पण तो वयात येत नाही. यात नुसत्या हालचालीचा वाटा किती आणि मज्जातंतूतून झिरपणाऱ्या रसायनांचा किती, हा वाद जुना आहे. नॉर्वेतील तेर्ये लोमो आणि त्यांचे सहकारी रोझेंथल यांनी 1972 मध्ये उंदराच्या मज्जातंतू तुटलेल्या स्नायूला थेट विजेचे ठोके दिले, तेव्हा एरवी तंतूभर पसरणारी ॲसिटिलकोलीनबद्दलची (मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोहोचवणाऱ्या रसायनाबद्दलची) संवेदनशीलता पुन्हा मूळ जागेपुरती आक्रसली. हालचालीच्या बाजूचा हा भक्कम पुरावा होता.

परंतु ‘मूळ जागा’ म्हणजे काय? या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग इथे सुरू होतो. मज्जातंतूचे टोक स्नायूतंतूला एका इवल्याशा ठिकाणीच भेटते. तेथे टोकातून ॲसिटिलकोलीन सुटते आणि समोर दाटीने बसलेले ग्राहक रेणू ते टिपतात. प्रत्येक स्नायूतंतूभोवती प्रथिनांचे एक पातळ आवरण असते; सतारीला गवसणी घालावी तसे. ते पेशी नाही, पेशींनी विणलेले जाळे आहे. आतला तंतू मेला आणि सफाई करणाऱ्या पेशींनी खाऊन टाकला, तरी गवसणी जागच्या जागी उरते.

जोशुआ सेन्स, लॉरेन्स मार्शल आणि जॅक मॅकमहान यांनी 1970 च्या दशकात बेडकाच्या छातीवरच्या एका पातळ स्नायूत हीच परिस्थिती मुद्दाम निर्माण केली. स्नायूतंतू नष्ट केले, मज्जातंतूला इजा केली, आणि नवे स्नायूतंतू तयार होऊ नयेत म्हणून क्ष-किरण दिले. उरल्या त्या रिकाम्या गवसण्या. मज्जातंतू पुन्हा वाढत आला तेव्हा भेटायला स्नायू नव्हताच. तरीही त्याची टोके गवसणीवरच्या जवळजवळ नेमक्या जुन्याच जागी येऊन थांबली, आणि ॲसिटिलकोलीन सोडण्याची यंत्रणा तेथेच मांडून बसली. (जुनी जागा ओळखता येते, कारण ॲसिटिलकोलीन मोडणारे विकर गवसणीतच अडकून राहते आणि ते रंगवता येते.) 1979 मध्ये मॅकमहान यांच्या गटाने प्रयोग उलटा केला: स्नायूतंतू वाढू दिले, मज्जातंतूला येऊ दिले नाही. नव्या तंतूंनी आपले ग्राहक रेणू गवसणीवरच्या त्याच जुन्या जागेसमोर गोळा केले. घरातली माणसे गेली, पत्र टाकणाराही आला नाही, पण दारावरची पाटी दोघांनाही वाचता आली.

ती पाटी लिहिणारा रेणू कोणता, हे शोधण्यासाठी मॅकमहान यांनी वीज निर्माण करणारा टॉर्पेडो नावाचा पाकट निवडला, कारण त्याच्या विद्युत अवयवात मज्जातंतूच्या भेटीच्या अशा जागा खच्चून भरलेल्या असतात. त्यातून मिळालेल्या प्रथिनाला ‘ॲग्रिन’ म्हणतात. त्याचे हे काम करणारे रूप मज्जातंतू बनवतो आणि गवसणीत सोडतो. स्नायूच्या बाजूला एलआरपी-4 हा रेणू ॲग्रिनला धरतो, मस्क नावाचे विकर त्यामुळे चालू होते, आणि ॲसिटिलकोलीनचे ग्राहक एका जागी बांधले जातात. ॲग्रिन किंवा मस्क नसलेली उंदराची पिल्ले जन्मतःच श्वास घेऊ न शकल्याने मरतात, असे 1996 मध्ये दिसले. माणसात मस्कविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, की मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार होऊ शकतो.

मग पाटी शाबूत असताना आमच्या पैलवानाचा हात का बसला? अडचण अंतराची आहे. मज्जातंतू तुटला, की तुटीच्या पुढचा भाग मरतो आणि नवा कोंब वरून निघतो. त्याला वाट दाखवणाऱ्या श्वान पेशी असतात (नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचे, कुत्र्याशी संबंध नाही). कोंबाचा वेग ढोबळमानाने दिवसाला 1 मिलिमीटर. कोपरापासून त्या खळग्यापर्यंतचे अंतर सुमारे 30 सेंटिमीटर, म्हणजे निदान 300 दिवस. तोवर श्वान पेशींचा उत्साह ओसरत जातो आणि स्नायूच्या जागी तंतुमय ऊती व चरबी भरू लागते. साधारण 12 ते 18 महिन्यांनंतर पोहोचलेल्या मज्जातंतूला काम करण्याजोगा स्नायू फारसा सापडत नाही. म्हणून काही शल्यविशारद मनगटाजवळच्या, तुलनेने कमी गरजेच्या एका स्नायूकडे जाणारी मज्जातंतूची शाखा घेऊन ती निकामी झालेल्या मज्जातंतूला तेथेच जोडतात; कोंबाचा प्रवास त्यामुळे काही सेंटिमीटरवर येतो.

‘नसा मोकळ्या करणारे’ तेल कातडीला मऊ करते, सांधे आखडू न देणाऱ्या चोळण्यालाही अर्थ आहे, पण तुटलेली दोन टोके तेलाने जुळत नाहीत. तीच गोष्ट हल्ली जाहिरातींत दिसणाऱ्या ‘स्टेम सेल’ इंजेक्शनांची. अशा दुखापतीत अडलेले असते ते मज्जातंतूचे पोहोचणे. स्नायूत मूळ पेशी टोचून ते अंतर कमी होत नाही. पैसे आणि त्याहून मोलाचे महिने मात्र जातात.

त्या तरुणाचा मज्जातंतू चौथ्या महिन्यात सूक्ष्मदर्शकाखाली जोडला गेला. आता दर महिन्याला डॉक्टर त्याच्या बाहूवर कोपरापासून खाली बोटाने टिचक्या मारत येतात, आणि ज्या ठिकाणी करंगळीत झिणझिण्या उठतात तेथे बॉलपेनने खूण करून तिचे कोपरापासूनचे अंतर मोजतात. खूण आंघोळीत पुसली जाते, म्हणून तो प्रत्येक वेळी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवतो. मागच्या आणि या महिन्यातल्या खुणांत जेमतेम 3 सेंटिमीटरचे अंतर आहे.