ड्रिलच्या आधी दार: कॅलिफोर्नियाच्या प्राथमिक शाळांतल्या सुरक्षा-शिक्षणाची पार्श्वभूमी

ऑगस्टमध्ये शाळा उघडली की कॅलिफोर्नियातल्या पालकांकडे ऑफिसच्या ईमेलची रांग लागते. या महिन्याचं फायर ड्रिल, ऑक्टोबरमधलं भूकंपाचं ड्रिल, लॉकडाऊन ड्रिल (हल्लेखोर आला तर वर्ग बंद करून बसण्याचा सराव), मूल कोणाकडे सोपवायचं ते सांगणारं इमर्जन्सी कार्ड भरून द्या, झिपलॉकच्या पिशवीत मुलासाठी खाऊ आणि घरच्यांचा फोटो घालून पाठवा. आपल्याकडे घंटा झाली की मधली सुट्टी तरी व्हायची नाहीतर शाळा तरी सुटायची. इथे पाच वर्षांच्या मुलाला तीन-चार वेगळ्या इशाऱ्यांचे वेगळे अर्थ शिकावे लागतात, आणि त्या प्रत्येकामागे एखाद्या शाळेत घडलेली दुर्घटना आहे.

आधी थोडं व्यवस्थेबद्दल. कॅलिफोर्नियात स्कूल डिस्ट्रिक्ट (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) तीन प्रकारचे असतात: फक्त प्राथमिक, फक्त हायस्कूल आणि दोन्ही मिळून युनिफाइड. क्युपर्टिनो आणि सनीव्हेल इथले डिस्ट्रिक्ट प्राथमिक प्रकारचे, म्हणजे आठवीपर्यंतचे. तिथून पुढे मूल हायस्कूलच्या वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये जातं. प्रत्येक डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं बोर्ड असतं. काय शिकवायचं याची चौकट राज्य देतं. २००८च्या आरोग्य-शिक्षणाच्या निकषांत सहा विषय आहेत आणि ‘इजा टाळणं व सुरक्षितता’ हा त्यांतला एक. ड्रिल किती घ्यायची हे मात्र शिक्षण कायद्यातच लिहिलेलं आहे: आगीचं ड्रिल प्राथमिक शाळेत दर महिन्याला किमान एकदा, मधल्या वर्गांत वर्षातून चारदा, हायस्कूलमध्ये वर्षातून दोनदा. भूकंपाचं ड्रिल प्राथमिकला दर तिमाहीत एकदा. मूल जितकं लहान तितकी उजळणी जास्त, असं हे गणित आहे.

आगीपासून सुरुवात करू, कारण शाळांनी सर्वांत आधी धडा घेतला तो आगीतून. ४ मार्च १९०८ रोजी ओहायोतल्या कॉलिनवूडच्या शाळेत तळघरात, पुढच्या जिन्याखाली आग लागली. पुढचा रस्ता बंद झाल्यावर मुलं मागच्या दाराकडे धावली. तिथल्या अरुंद जागेत एकावर एक पडून अडकली आणि १७२ मुलं गेली. आडव्या दांडीला अंग टेकलं की उघडणारं दार, ज्याला पॅनिक बार म्हणतात, त्याच काळात आलं. पुढे १ डिसेंबर १९५८ला शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेत ९२ मुलं आणि ३ नन मृत्युमुखी पडल्या. जिना उघडा होता, वरच्या मजल्यावर आग अडवणारं दार नव्हतं, आग लागताच छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. धुराने व्हरांडा भरला आणि वर्गातली मुलं खिडक्यांशी अडकली.

इथे कॅलिफोर्नियाचा थेट संबंध येतो. १९५९मध्ये लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने वापरातून गेलेल्या एका शाळेच्या इमारतीत मुद्दाम आगी लावून मोजमाप घेतलं. निष्कर्ष असा की जीव घेतो तो धूर, आणि ज्वाळांच्या कितीतरी आधी. उघडा जिना काही मिनिटांतच वापरण्याजोगा राहत नाही, आणि खरा आधार म्हणजे इमारतभर बसवलेले स्प्रिंकलर. म्हणून बंद जिने, आपोआप मिटणारी दारं, अलार्म हे सगळं इमारतीत आलं. मुलांना रांगेने बाहेर काढण्याचा सराव त्याच्या जोडीला राहिला.

या ड्रिलमध्ये हमखास चुकतं ते एकच: दरवेळी तोच रस्ता. मुलं पाठ केलेल्या दारानेच जातात आणि तेच बंद असलं तर थबकतात. जाणत्या शाळा वर्षातून दोनेकदा जिन्यापाशी एका शिक्षिकेला ‘रस्ता बंद’ची पाटी घेऊन उभं करतात. दुसरी चूक मैदानावर होते. वर्ग बाहेर आला की हजेरी घ्यायची असते, आणि ती वर्गातल्या कॉम्प्युटरवर असेल तर शिक्षिकेच्या हातात काहीच नसतं. दाराशी खुंटीला लावलेली कागदी यादी अजूनही त्यासाठीच असते.

कॅलिफोर्नियाचं स्वतःचं योगदान मात्र भूकंपातलं, आणि ते मोठं आहे. १० मार्च १९३३, शुक्रवार, संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी लाँग बीचला ६.४ तीव्रतेचा धक्का बसला. सुमारे ७० शाळा जमीनदोस्त झाल्या, आणखी १२० शाळांचं नुकसान झालं. विटांच्या भिंती चुन्याच्या कच्च्या सांध्यांतून सुटल्या आणि छपरं खाली आली. काही तास आधी हाच धक्का बसला असता तर वर्ग भरलेले असते. बरोबर एका महिन्याने, १० एप्रिलला, राज्याने फील्ड अ‍ॅक्ट मंजूर केला. सरकारी शाळेचा नकाशा राज्याने तपासायचा, बांधकामावर सतत देखरेख करणारा निरीक्षक ठेवायचा, आणि वास्तुविशारद, अभियंता व कंत्राटदार यांनी शपथेवर लिहून द्यायचं की काम नकाशाप्रमाणेच झालं आहे. खोटं लिहिलं तर गुन्हा. ते काम आज ‘डिव्हिजन ऑफ द स्टेट आर्किटेक्ट’ पाहतं. १९३३च्या आधीच्या शाळा मागे राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी पुढे वेगळे कायदे झाले आणि १९७०च्या दशकात त्यातल्या बहुतेक दुरुस्त तरी झाल्या किंवा बंद तरी पडल्या.

तेव्हापासून या राज्याचं दैवही बलवत्तर राहिलं. सिल्मारचा भूकंप १९७१मध्ये सकाळी सहाला झाला. लोमा प्रिएटाचा १९८९मध्ये संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी. नॉर्थरिजचा १७ जानेवारी १९९४ला पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी, तोही मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी. नॉर्थरिजमध्ये फील्ड अ‍ॅक्टखाली बांधलेली एकही शाळा कोसळली नाही, पण वर्गांत जे सापडलं ते पाहण्यासारखं होतं: छताला टांगलेल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या बाकांवर पडलेल्या, पुस्तकांची कपाटं आडवी, छताच्या फरश्या निखळलेल्या. भिंती टिकल्या तरी वर्ग रिकामा होता म्हणूनच कोणाला लागलं नाही.

बाकाखाली जाणं शिकवायचं ते यासाठी. १९८४च्या कॅट्झ अ‍ॅक्टने शाळांना भूकंपाची आखणी आणि हा सराव सक्तीचा केला. कायद्यातलं वर्णन अगदी शारीरिक आहे: टेबल किंवा बाकाखाली जायचं, गुडघ्यांवर यायचं, हातांनी डोकं झाकायचं, पाठ खिडक्यांकडे. आता त्यात बाकाचा पाय धरून ठेवणंही शिकवतात, कारण जमीन हलते तसं बाक सरकतं आणि मूल उघडं पडतं. पाय धरायचा तो एका हाताने. दुसरा हात मानेवर. लहान मुलं नेहमी दोन्ही हातांनी पाय धरतात आणि मान मोकळी सोडतात. शिक्षिका रांगांतून फिरून एकेकाचा हात मानेवर ठेवतात, कारण नुसतं तोंडी सांगून हे जमत नाही.

२००८च्या १३ नोव्हेंबरला दक्षिण कॅलिफोर्नियात पहिलं ‘शेकआउट’, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी करायचं भूकंपाचं ड्रिल, झालं. आता ते दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी होतं. त्यात बऱ्याच शाळांकडून एक चूक होते. वेळ वाचवायला बाकाखालचा सराव आणि मैदानावर जाण्याचा सराव सलग, घाईत उरकतात. मग मुलाच्या डोक्यात ‘हललं की पळायचं’ असंच बसतं, आणि दाराबाहेर काचा व भिंतीचा पुढचा थर पडतो तो नेमका त्याच वेळी. मध्ये किमान मिनिटभर थांबायला हवं, शिक्षिकेने आजूबाजूला आणि वर पाहायला हवं, मगच निघायचं. दुसरी गोष्ट घरून येते. ‘चौकटीखाली उभा राहा’ हे आजी-आजोबांचं सांगणं मातीच्या घरांच्या काळातलं आहे. आताच्या घरात चौकट भिंतीपेक्षा बळकट नसते आणि हलणारं दार बोटं चेचतं.

इथवरचा क्रम लक्षात घ्या. आग आणि भूकंप यांत राज्याने आधी भिंत, जिना, दार नीट केलं आणि मग मुलाला शिकवलं. माणसापासून असलेल्या धोक्यात हा क्रम उलटला, आणि आमच्या मते खरी अडचण तिथेच आहे.

१९७८मध्ये ओहायोतल्या कोलंबस इथे दुसरीतल्या एका मुलीवर अत्याचार झाल्यावर तिथल्या महिला संघटनेने वर्गात नाट्यप्रसंग करून शिकवण्याचा कार्यक्रम रचला. त्यातून ‘चाइल्ड असॉल्ट प्रिव्हेन्शन’ उभं राहिलं. तीन प्रसंग: दांडगाई करणारं मूल, अनोळखी माणूस, ओळखीचा मोठा माणूस. कॅलिफोर्नियाने १९८४मध्ये कायदा करून बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत असं प्रशिक्षण सरकारी पैशाने सुरू केलं. असं करणारं ते पहिलं राज्य होतं. मग प्रश्न आला की चार वर्षांच्या मुलाला यातलं काय कळतं. बर्कलेतल्या समाजकार्याच्या अभ्यासकांनी, विशेषतः नील गिल्बर्ट यांनी, बालवाडीच्या कार्यक्रमांची तपासणी केली आणि दाखवलं की ‘हा स्पर्श आधी चांगला वाटतो, मग गोंधळात टाकतो’ असल्या कल्पना त्या वयात बसत नाहीत. १९९०मध्ये राज्याने पैसा काढून घेतला. तपासणी बालवाडीची झाली आणि चौथीतल्या मुलांचाही वर्ग गेला, ही त्यातली खंत.

त्या अनुभवातून दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे शब्द. महाराष्ट्रात आजही ‘गुड टच, बॅड टच’ असंच म्हणतात. पण अत्याचाराचा स्पर्श दुखतोच असं नाही, आणि इंजेक्शनचा स्पर्श दुखतो तरी तो वाईट नाही. म्हणून आता ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द, अवयवांची खरी नावं, आणि ‘कुणी गुपित ठेवायला सांगितलं तर घरी सांग’ एवढाच थेट नियम शिकवतात. दुसरी गोष्ट म्हणजे जबाबदारी मोठ्यांकडे सरकली. २०१५पासून शाळेतल्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी, शाळा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत, याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. नुसती शंका आली तरी लगेच पोलिसांना किंवा काउंटीच्या बालकल्याण खात्याला फोन आणि ३६ तासांत लेखी अहवाल. यात नेहमी चुकतं ते असं की शिक्षिका मुख्याध्यापकांना सांगते आणि काम झालं असं धरते. कायद्याने ते काम झालेलं नसतं. फोन तिने स्वतःच करायचा असतो.

बंदुकीचं प्रकरणही कॅलिफोर्नियाला घरचंच आहे. १७ जानेवारी १९८९ला स्टॉकटनच्या क्लीव्हलँड प्राथमिक शाळेत, खेळायच्या सुट्टीत, मैदानावर गोळीबार झाला. कंबोडिया आणि व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची पाच मुलं गेली. त्याच वर्षी राज्याने लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदीचा कायदा केला, देशातला तसा पहिला. १९९७मध्ये प्रत्येक शाळेला लेखी सुरक्षा आराखडा सक्तीचा झाला. कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमधल्या गोळीबारानंतर, १९९९पासून, लॉकडाऊन ड्रिल सर्वत्र पसरलं.

डिसेंबर २०१२मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हुक प्राथमिक शाळेतल्या गोळीबारात २० मुलं आणि ६ कर्मचारी मारले गेले. तिथल्या वर्गांच्या दारांना कुलूप बाहेरच्या बाजूने, किल्लीने लावावं लागत होतं. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, १ जुलै २०११पासून मंजुरीला येणाऱ्या नव्या बांधकामांत आतून लावता येणारं कुलूप सक्तीचं केलं होतं. जुन्या इमारतींसाठी, नूतनीकरण निघालं तर, अशी तरतूद २०१८मध्ये आली. त्यामुळे एकाच शाळेत नव्या इमारतीला आतून कुलूप आणि जुन्या इमारतीला बाहेरून, असं आजही असू शकतं. साधी कडी का ठोकत नाहीत, असं अनेक पालक विचारतात. आगीचा नियम आडवा येतो: आतून हँडल एकदा फिरवलं की दार उघडलंच पाहिजे, तेही सहा वर्षांच्या मुलाला.

ड्रिलमध्ये शिकवतात ते थोडक्यात असं: दार लावा, दिवे बंद, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात शांत बसा. २०२४च्या कायद्याने हल्ल्याचा हुबेहूब देखावा उभा करणारी ड्रिल्स बंद केली आणि पालकांना आधी कळवणं बंधनकारक केलं. हे फार आधी व्हायला हवं होतं. घाबरलेलं लहान मूल रडतं, आणि या सरावात तर शांत बसायलाच शिकवायचं असतं.

सुरक्षा आराखडा दरवर्षी १ मार्चपर्यंत मंजूर करावा लागतो आणि त्याआधी शाळेतच जाहीर सभा घ्यावी लागते. पोलिसी कारवाईचा भाग सोडला तर तो पालकांना पाहता येतो. सभेला जाणाऱ्यांनी वर्गाचं दार आतून लागतं का हे विचारावं, आणि बदली शिक्षक आले तर किल्ली त्यांच्याकडे असते का हेही. इमर्जन्सी कार्डवर नाव नसलेल्या माणसाकडे, भूकंपानंतर तर नाहीच, शाळा मूल सोपवत नाही. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा नातवाला घ्यायला गेले आणि कार्डवर त्यांचं नाव नसलं, किंवा नाव होतं पण पासपोर्ट घरी राहिला, तर ते फाटकाबाहेर आणि नातू आत. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहावं. घरातलं ‘अण्णा’ किंवा ‘माई’ चालत नाही.

रविवारच्या मराठी शाळा अनेक ठिकाणी याच इमारतींत, भाड्याच्या वर्गांत भरतात. डिस्ट्रिक्टची ड्रिल्स सोमवार ते शुक्रवारची. रविवारी अलार्म झाला तर कुठे जमायचं हे मराठी शाळेतल्या शिक्षकांना कोणी सांगितलेलं नसतं. सत्राच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटं काढून मुलांना वर्गापासून मैदानापर्यंत चालवून आणावं, दाराचं कुलूप कोणत्या बाजूने लागतं ते लावून पाहावं, आणि मुलांची नावं व पालकांचे फोन लिहिलेला कागद पाठ्यपुस्तकांच्या खोक्यात वरच ठेवावा.