निश्चलता (व्यक्तिछायाचित्रणातील)

मोजक्या साधनांनी टिपलेल्या व्यक्तिछायाचित्रात जाणवणारा शांत भाव. साधी पार्श्वभूमी, एकच प्रकाशस्रोत आणि चेहऱ्याभोवती राखलेली मोकळी जागा ही तिची बाह्य लक्षणे.

तिच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ती तांत्रिक सक्तीतून आली. १८३९ मध्ये दागेरोटाइप ही चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटवणारी पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला काही मिनिटे प्रकाश द्यावा लागे. १८५१ नंतरच्या ओल्या कलोडियन काचेलाही (चिकट रसायनाचा लेप ओला असतानाच वापरायची काच) बहुधा काही सेकंद तरी लागतच. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावीत. त्याचा पाया बसलेल्याच्या पावलांमागे काही जुन्या छायाचित्रांत दिसतो. दुसरे मत चित्रकारासमोर बैठक देण्याच्या जुन्या सवयीकडे बोट दाखवते. १८७१ मध्ये इंग्रज डॉक्टर मॅडॉक्सने कोरड्या जिलेटिन काचेची पद्धत मांडली आणि पुढे टेकू अनावश्यक ठरत गेला, तरी स्थिर बैठक टिकली. ही गोष्ट दुसऱ्या मताला बळ देते. शिवाय टेकूने धरलेली मान ताठरते, स्थिरावलेली मान सैल असते. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

कोल्हापूरच्या बाबतीत हेच मत अधिक ग्राह्य वाटते. ‘कलापूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराची नजर चित्रकारांनी घडवली. आबालाल रहिमान (जन्म १८५६ किंवा १८६०, मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ आणि रंकाळा या तलावांच्या परिसरातले संथ पाणी रंगवले. आनंदराव (मृत्यू १९१६) व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवीत. १९१७–१८च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर बाबूरावांनी चित्रपटातही प्रकाशाचा विचार चित्रकारासारखाच केला. छायाचित्रांच्या स्टुडिओंतही महाल-बागांचे रंगीत पडदे रूढ होते. असल्या पडद्यांवर प्रेम करणाऱ्या गावात कोरी भिंत निवडायला धीर लागतो.

प्रकाशाचे गणित असे: लहान खिडकीपासून चेहरा १ मीटरवर आणि पांढरी भिंत २ मीटरवर असेल, तर भिंतीवर साधारण एक चतुर्थांश उजेड पोचतो आणि ती करडी दिसते. अंधाऱ्या गालाकडे थर्माकोलचा तुकडा धरला की सावली थोडी उजळते. तो काढून घेतला तर चेहरा गंभीर होतो. पाश्चात्त्य परंपरेत अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेनचे अरुंद कोपऱ्यातील प्रयोग (१९४८) या वळणाचे. रंगीत व डिजिटल तंत्राने मूळ रीतीत विशेष फरक पडला नाही.

उदाहरणार्थ, पैलवानाच्या रूढ छायाचित्रात फेटा, खांद्यावर गदा आणि मागे ढाली असतात. तोच पैलवान सकाळचे जोर संपवून तालमीच्या खिडकीशी बसला, गदा बाजूला ठेवली आणि धाप ओसरू दिली, की खांद्यावरची वाळलेली तांबडी माती आणि मोडून गोळा झालेला कान एवढेच समोर राहते. बटण त्यानंतर दाबायचे.