अदृश्य आयटम फ्रेम (माईनक्राफ्ट)

ठोकळ्यांनी जग रचण्याच्या माईनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये वस्तू मांडून ठेवण्याच्या चौकटीला आयटम फ्रेम म्हणतात. ही चौकट कमांड (खेळात टाइप करून दिलेला आदेश) देऊन दिसेनाशी करता येते आणि आतली वस्तू मात्र जागच्या जागी दिसत राहते. जेवणाच्या टेबलावर ठेवलेला पाव, कट्ट्यावर विसरलेली कात्री, भिंतीला टेकवलेली तलवार अशी दृश्ये बहुधा याच युक्तीने उभी केलेली असतात. चौकट नाहीशी होत नाही, ती फक्त दिसत नाही. या युक्तीचे फायदे आणि अडचणी दोन्ही यातूनच येतात.

आयटम फ्रेम ऑक्टोबर २०१२ मध्ये १.४.२ या आवृत्तीत आली. आठ काठ्या आणि एक चामडे एवढ्यात ती तयार होते. सुरुवातीला ती फक्त भिंतीवर बसायची. २०१८ च्या १.१३ आवृत्तीपासून ती जमिनीवर आणि छतालाही लावता येऊ लागली. त्यामुळे टेबलावर वस्तू आडवी ठेवणे शक्य झाले, पण प्रत्येक भाकरीखाली चामड्याचा तपकिरी चौकोन डोकावायचा. तो टाळण्यासाठी बांधकाम करणारे आर्मर स्टँडचा आधार घेत. चिलखत अडकवण्याचा हा पुतळा सप्टेंबर २०१४ च्या १.८ आवृत्तीत आला, आणि त्याला अदृश्य करणारा टॅग, म्हणजे वस्तूच्या माहितीत जोडायची खूण, तेव्हापासूनच होता. पुतळा लपवायचा, हातात वस्तू द्यायची आणि हाताचा कोन अंशाअंशाने बदलत ती टेबलाला टेकेपर्यंत जुळवायची. एका ताटासाठी अर्धा तास जाणे नवलाचे नव्हते. जून २०२० च्या १.१६ आवृत्तीत आयटम फ्रेमलाही ‘इन्व्हिजिबल’ हा टॅग मिळाला आणि ही कसरत बरीचशी संपली.

कमांड वापरायची तर जगात चीट्स (कमांड वापरण्याची मुभा) चालू हवेत किंवा सर्व्हरवर ऑपरेटरचा अधिकार हवा. मार्ग दोन आहेत. ‘गिव्ह’ कमांडने आधीच अदृश्य असलेली फ्रेम हातात घेता येते. तिच्या माहितीत इन्व्हिजिबलची किंमत ‘१बी’ लिहायची, म्हणजे ‘हो’. लावलेली फ्रेम लपवायची असेल तर ‘डेटा मर्ज’ कमांडने सर्वांत जवळची एक फ्रेम निवडून तिला तोच टॅग जोडायचा. ‘०बी’ दिले की ती पुन्हा दिसू लागते. डेटा कमांड एका वेळी एकच फ्रेम स्वीकारते. अनेक फ्रेम एकदम लपवायच्या तर ‘एक्झिक्यूट’ची जोड द्यावी लागते, आणि तिथे अंतराची मर्यादा घालायलाच हवी. ती राहिली तर जगाच्या लोड झालेल्या भागातल्या सगळ्याच फ्रेम दिसेनाशा होतात, शेजाऱ्याच्या कोठारातल्या खुणांच्या फ्रेमसुद्धा.

जुन्या मार्गदर्शिकांतली ‘गिव्ह’ कमांड आज जशीच्या तशी चालत नाही. एप्रिल २०२४ च्या १.२०.५ आवृत्तीत वस्तूंची माहिती लिहिण्याची पद्धत बदलली. पूर्वी महिरपी कंसात येणारा मजकूर आता चौकोनी कंसातल्या ‘एंटिटी डेटा’ या घटकात लिहावा लागतो. कमांड चालली नाही की नवखे खेळाडू टायपिंगची चूक शोधत बसतात. आधी आवृत्ती पाहावी.

फ्रेम लपली की आतली वस्तू पृष्ठभागाला थेट चिकटलेली दिसते. स्पर्श मात्र फ्रेमलाच होतो. पेटीच्या दर्शनी बाजूवर अदृश्य फ्रेम असेल, तर तिथे क्लिक केल्यावर पेटी उघडण्याऐवजी वस्तू फिरते. पहिल्या फटक्याला वस्तू पडते आणि दुसऱ्याला फ्रेमच तुटते. तुटल्यावर हाती येते ती साधी, दिसणारी फ्रेम. पाहुण्यांच्या हातून मांडणी विस्कटू नये म्हणून ‘फिक्स्ड’ हा टॅग जोडतात. मग वस्तू काढता किंवा फिरवता येत नाही आणि मागचा ठोकळा काढला तरी फ्रेम पडत नाही. क्रिएटिव्ह मोडमधला, म्हणजे मुक्त बांधकामाच्या प्रकारात खेळणारा, खेळाडू मात्र ती तोडू शकतो. सार्वजनिक सर्व्हरवर दोन्ही टॅग एकत्रच द्यावेत.

हे सारे संगणकावरच्या जावा एडिशनपुरते आहे. बेडरॉक एडिशनमध्ये, म्हणजे फोन आणि कन्सोलवरच्या माईनक्राफ्टमध्ये, आयटम फ्रेम ठोकळा म्हणून नोंदलेली असते. जावात ती स्वतंत्र एंटिटी असते, म्हणजे ठोकळ्यांहून वेगळी, प्राणी किंवा पुतळ्यासारखी नोंदलेली वस्तू. म्हणूनच जावातली कमांड फोनवर चालत नाही. दोष खेळाडूचा नसतो.

आर्मर स्टँडचे महत्त्व तरीही टिकून आहे. अदृश्य पुतळ्याच्या अंगावरचे चिलखत, डोक्यावरचा ठोकळा आणि हातातली वस्तू दिसतच राहते. त्यामुळे तिरपी टेकवलेली कुदळ किंवा बिनदेहाचा पहारेकरी त्यानेच साधतो. ‘मार्कर’ टॅग दिला की त्याला स्पर्शही होत नाही.

मार्च २०२३ च्या १.१९.४ आवृत्तीत डिस्प्ले एंटिटी आल्या. ठोकळा, वस्तू किंवा मजकूर कोणत्याही आकारात आणि कोनात दाखवणे एवढेच त्यांचे काम. लपवायला चौकटच नसते आणि क्लिकच्या वाटेत त्या येत नाहीत. मात्र त्या हाताने लावता येत नाहीत. ‘समन’ कमांडने आणाव्या लागतात, आणि आकार-कोनाचे आकडे लिहावे लागतात. टेबलावर एक पाव ठेवायचा असेल तर अदृश्य आयटम फ्रेम अजूनही जास्त सोयीची आहे, कारण आतला पाव काढून सफरचंद ठेवायला पुन्हा कमांड लागत नाही.