पाळीव कुत्र्या-मांजरांचे लसीकरण

पाळीव कुत्री व मांजरे यांचा प्राणघातक सांसर्गिक रोगांपासून, तसेच त्यांच्याकडून माणसाला होणाऱ्या काही रोगांपासून बचाव व्हावा म्हणून ठरावीक वयात आणि ठरावीक अंतराने लसी देण्याची पद्धत. यात डोस किती झाले यापेक्षा ते कोणत्या वयात झाले, याला जास्त महत्त्व आहे. लस घेतलेले पिल्लूही कधी कधी पार्व्हो या आतड्यांच्या विषाणुजन्य रोगाने दगावते. अशा वेळी दोष बहुधा लसीचा नसतो, वेळेचा किंवा साठवणुकीचा असतो.

लसींचे दोन गट मानतात. पहिल्या गटातल्या लसी प्रत्येक जनावराला द्यायच्याच असतात. कुत्र्यांसाठी डिस्टेंपर, अॅडिनोव्हायरसमुळे होणारा यकृतदाह आणि पार्व्हो. मांजरांसाठी पॅनल्युकोपेनिया आणि सर्दी-शिंकांचे दोन विषाणू, हर्पिस व कॅलिसी. आणि जिथे रेबीज आढळतो तिथे दोघांसाठीही रेबीज. दुसऱ्या गटातल्या लसी जोखीम पाहून देतात, उदाहरणार्थ केनेल कफ (कुत्र्यांचा सांसर्गिक खोकला). लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) हा जिवाणुजन्य रोग पूर्वी याच दुसऱ्या गटात धरत. ‘वसावा’ या जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत, हा रोग जिथे आहे आणि योग्य लस मिळते, तिथे ती सर्व कुत्र्यांना द्यावी असे म्हटले आहे. मांजरांच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूची लस एक वर्षाखालील आणि बाहेर फिरणाऱ्या मांजरांना त्याच धर्तीवर सुचवली जाते; मात्र ती टोचण्याआधी रक्त तपासून घ्यावे, कारण आधीच बाधित असलेल्या मांजराला तिचा उपयोग नाही.

रोग. डिस्टेंपरमध्ये आधी डोळ्या-नाकातून स्राव, ताप, खोकला दिसतो; पुढे झटके आणि स्नायू उडणे सुरू होते. मेंदूपर्यंत पोहोचलेला रोग बरा झाला तरी हे उडणे अनेकदा कायमचे राहते. पार्व्हो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. उलट्या, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब आणि पांढऱ्या पेशींची घसरण यांमुळे लहान पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावू शकते. याचा विषाणू अंगणात वर्षभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो आणि नेहमीच्या फिनाइलचा त्यावर भरवसा ठेवता येत नाही. जागा आधी घासून स्वच्छ करावी, मग एक भाग घरगुती ब्लीच व तीस भाग पाणी या मिश्रणाने निदान दहा मिनिटे ओली ठेवावी. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांतला याचाच भाऊबंद. तो चपलांच्या तळव्यांवरूनही घरात येतो, म्हणून ‘आमचे मांजर बाहेर जातच नाही’ हे लस टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. हर्पिस आणि कॅलिसी यांच्या लसींनी संसर्ग पुरता थांबत नाही, आजाराची तीव्रता तेवढी कमी होते. लस घेतलेले मांजर शिंकले म्हणून ती वाया गेली असे समजू नये.

चिकातली प्रतिपिंडे आणि वेळापत्रक. नवजात पिल्लाला संरक्षण मिळते ते मुख्यतः आईच्या चिकातून, आणि तेही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात प्यायलेल्या. चिकातली ही प्रतिपिंडे (अँटिबॉडी) रोगाला अडवतात, तशीच लसीतल्या क्षीण केलेल्या विषाणूलाही निकामी करतात. बहुतेक पिल्लांत ती आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान पुरेशी ओसरतात, काहींत सोळा आठवडे किंवा त्याहूनही जास्त टिकतात. एकाच वेतातल्या पिल्लांनी चीक कमी-जास्त प्यायलेला असतो, त्यामुळे त्यांच्यातही फरक पडतो. मधला काही काळ तर असा जातो की प्रतिपिंडे रोग रोखायला अपुरी असतात, पण लस हाणून पाडायला पुरेशी. बाहेरून पाहून हा काळ ओळखता येत नाही.

म्हणूनच पिल्लाला पुन्हा पुन्हा टोचतात. या डोसांना सरसकट ‘बूस्टर’ म्हटले जाते ते चुकीचे आहे. जिवंत, म्हणजे क्षीण केलेल्या विषाणूच्या, लसीच्या बाबतीत त्यातला प्रत्येक डोस हा लस लागू पडावी म्हणून केलेला नवा प्रयत्न असतो. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. सात आठवड्यांचे असताना घरी आलेल्या पिल्लाला ७, १०, १३ आणि १६ आठवडे पूर्ण झाल्यावर डोस पडतील. बाराव्या आठवड्यात ‘कोर्स पूर्ण’ असा शेरा मारून कार्ड परत देणे ही या साऱ्यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्यानंतरचा डोस पूर्वी वर्षाने देत. आता तो २६ आठवड्यांच्या सुमारास सुचवतात, म्हणजे सोळा आठवड्यांनाही लस न लागलेले एखादे पिल्लू वर्षभर संरक्षणाविना राहत नाही. पुढे कुत्र्यांच्या या तीन लसी आणि पॅनल्युकोपेनियाची लस तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा लागत नाही.

रेबीजची लस मृत विषाणूची असते. ती बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, मग वर्षाने आणि पुढे लेबल व स्थानिक कायदा सांगेल त्याप्रमाणे देतात. बारा आठवड्यांआधी दिली असेल तर ती बारा आठवड्यांनंतर पुन्हा द्यावी. लेप्टोची लसही मृत असते. तिचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात आणि संरक्षण साधारण वर्षभरच टिकते.

शेवटच्या डोसापर्यंत पिल्लाला घरातच कोंडून ठेवावे, हा सल्लाही पुरता बरोबर नाही. माणसांची व इतर कुत्र्यांची सवय लागण्याचे वय तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपासचे असते. अनोळखी कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जमिनीवर सोडू नये. कडेवर घेऊन फिरवायला, लसीकरण झालेल्या निरोगी कुत्र्यांशी भेट घालायला हरकत नाही.

साठवण आणि टोचणी. लस २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात. फ्रिजच्या दारात तापमान खालीवर होते, म्हणून कुप्या मधल्या कप्प्यात ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्याला टेकू देऊ नयेत. उष्णतेने जिवंत लस मरते, तर गोठल्याने मृत लस बिघडते. गोठून वितळलेली कुपी टाकूनच द्यावी. जिवंत लस सुकवलेल्या वडीच्या रूपात येते. ती सोबतच्याच द्रावणात विरघळवून लगेच, फार तर अर्ध्या ते एका तासात वापरावी. सकाळीच सिरिंजा भरून ठेवण्याच्या सवयीने लस निकामी होते. डोस वजनावर ठरत नाही: चिवावाला आणि ग्रेट डेनला एकच पूर्ण डोस. लहान जातीला अर्धी कुपी देणे म्हणजे लसीकरण न करण्यासारखेच. लेबलवर परवानगी नसेल तर दोन लसी एका सिरिंजमध्ये मिसळू नयेत. केनेल कफची नाकातून द्यायची जिवंत लस चुकून टोचली गेली तर गळू होते, प्रसंगी यकृताला गंभीर इजा पोहोचते.

ताप किंवा जुलाब असलेल्या जनावराची लस पुढे ढकलावी. जंताचे औषध आधी दिलेले बरे, पण केवळ तेवढ्यासाठी लस लांबवू नये. गाभण मादीला जिवंत लस देत नाहीत. पॅनल्युकोपेनियाच्या जिवंत लसीने पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटते.

दुष्परिणाम. एक-दोन दिवस मरगळ, किंचित ताप, टोचल्या जागी दुखरी गाठ एवढे नेहमीचे. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या किंवा कोसळणे ही तीव्र अॅलर्जीची लक्षणे काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात, म्हणून टोचल्यावर वीस-तीस मिनिटे दवाखान्यात थांबावे. मांजरांत क्वचित टोचल्या जागी सार्कोमा (कर्करोगाची गाठ) होतो. त्यामुळे खांद्यांच्या मधल्या जागेऐवजी पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत टोचतात, म्हणजे वेळ आलीच तर तो अवयव काढता येतो. गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्याभरानंतरही वाढत असली, तर तुकडा काढून तपासावा.

संरक्षण झाले का, हे पाहणे. डिस्टेंपर, अॅडिनोव्हायरस, पार्व्हो आणि पॅनल्युकोपेनिया यांच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी शेवटच्या डोसानंतर निदान चार आठवड्यांनी केली तर उत्तर भरवशाचे मिळते. लेप्टोसाठी अशी चाचणी उपयोगाची नाही. रेबीजची चाचणी मुख्यतः परदेश प्रवासासाठी करतात आणि तिथे प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही किमान पातळी लागते. लस घेतलेल्या कुत्र्याने चावले तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरकडे जायलाच हवे. कुत्र्याचे कार्ड हा माणसावरचा उपचार नव्हे.

क्रम तुटल्यास. सोळा आठवड्यांपुढच्या जनावराला जिवंत लसीचा एक डोसही बहुधा पुरतो, मधली वर्षे चुकली असली तरी सुरुवातीपासून मालिका करावी लागत नाही. लेप्टोसारख्या मृत लसींचे तसे नाही. लेप्टोचा पहिला डोस झाल्यावर दुसरा सहा आठवड्यांहून जास्त लांबला, तर दोन्ही डोस नव्याने द्यावे लागतात. म्हणून कार्डावर तारखेबरोबर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि टोचल्याची जागा हवी. कुपीवरचे स्टिकर चिकटवले की यातले बरेचसे आपोआप नोंदले जाते.