मामू : मुंग्या-बधिरपणावरील चिनी उपचार

हातापायांना मुंग्या येणे आणि स्पर्श न कळणे यांना पारंपरिक चिनी वैद्यकात मिळून ‘मामू’ म्हणतात. ‘मा’ म्हणजे झिणझिण्या. ‘मू’ म्हणजे लाकूड. चिमटा काढला तरी कळत नाही, अशी अवस्था. चौदाव्या शतकातील वैद्य जू दान्शी यांनी मुंग्यांचे कारण ‘ची’ (प्राणशक्ती) कमी पडणे हे मानले, तर लाकूडपणाचे कारण ओलसर कफ आणि साकळलेले रक्त. म्हणून पहिला प्रश्न असतो तो नेमके काय होते, हा.

वेदनेबद्दलचे सूत्र ‘वाहणे थांबले की दुखते’ असे आहे. वारा, थंडी आणि ओल एकत्र शिरून ची आणि रक्ताची वाट अडवतात, त्या विकाराला ‘बी’ म्हणतात. यातला वारा म्हणजे आयुर्वेदातला वात नव्हे. तो बाहेरून येतो. नाडी आणि जीभ पाहण्याआधी साखर आणि बी-१२ तपासून घ्यावे. कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. जांघेत बधिरपणा येऊन लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्राचीन चिनी वैद्य जांग जोंगजिंग यांनी इ. स. २०० च्या सुमारास ‘रक्त-बी’साठी (रक्ताची वाट अडून येणारा बधिरपणा) दिलेला काढा आजही वापरात आहे. सुखवस्तू, अंगाने भरलेला, हाडाने नाजूक माणूस दमून घामाघूम होतो आणि झोपेत त्याला झुळूक लागते, असे त्या रोग्याचे वर्णन आहे. हुआंगची (ॲस्ट्रॅगॅलसचे मूळ), श्वेत शाओयाओ (पिओनीचे मूळ) आणि दालचिनीच्या कोवळ्या फांद्या प्रत्येकी ३ भाग, ओले आले ६ भाग, १२ लाल बोरे. सहा मापे पाणी आटवून दोन करायचे आणि कोमट काढा दिवसातून तीनदा घ्यायचा. ज्येष्ठमध मुद्दाम वगळलेला आहे आणि आले दुप्पट, कारण औषध कातडीपर्यंत पोचवायचे असते.

सुया टोचताना माप रोग्याच्याच अंगाचे घेतात : अंगठ्याची रुंदी १ त्सुन, चार बोटे ३ त्सुन. मधुमेहात पाय बधिरले असतील तर गुडघ्याच्या वाटीखाली ३ त्सुनवर, नडगीच्या बाहेर बोटभर असलेला ‘जूसानली’, आतल्या घोट्यावर ३ त्सुनवरचा ‘सानयिनज्याव’ आणि बोटांच्या बेचक्यांतले ‘बाफेंग’ हे बिंदू घेतात. पायाला जखम असेल तर बाफेंगला हात लावू नये. सायटिकात कुल्ह्यातल्या ‘ह्वानत्याव’ला दोन-तीन त्सुन खोल सुई जाते. रोगी कुशीवर, वरचा पाय दुमडून. जडपणा, ठणक जाणवणे अपेक्षित असते. पण विजेसारखी कळ पायाच्या टोकापर्यंत गेली, तर सुई थोडी मागे घ्यावी, फिरवत बसू नये, नाहीतर मज्जातंतूला इजा होते. सुया साधारण २०-३० मिनिटे ठेवतात.

गुण येतो का? अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात मज्जातंतुवेदनेबाबत ॲक्युपंक्चरच्या बाजूने वा विरुद्ध ठाम बोलण्याइतका पुरावा आढळला नाही. ही विद्या भारतात रुजवण्याचे श्रेय १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांना जाते. पथकातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शल्यचिकित्सक होते. त्यांचे नाव ॲक्युपंक्चरशी जोडले जाते ते पथकामुळे.

शेक देण्यात चूक सर्वांत सहज होते. दवण्याच्या कुळातल्या ‘आय’ वनस्पतीची पेटती कांडी (मॉक्सा) कातडीपासून २-३ सेंमी दूर, १०-१५ मिनिटे धरतात. बधिर पाय भाजला तरी रोग्याला पत्ता नसतो. म्हणून जाणकार वैद्य आपली दोन बोटे बिंदूच्या दोन्ही बाजूंना टेकवतो आणि चटका स्वतःच्या बोटांवर जोखतो. औषधी पाण्यात पाय बुडवतानाही तेच. पाणी थर्मामीटरने मोजावे, ४० अंशांच्या आत असावे.

काढ्यांतले धोक्याचे द्रव्य म्हणजे ‘चुआनवू’, आपल्या बचनागाचा भाऊबंद. बचनाग आयुर्वेदात गोमूत्रात शुद्ध करतात. चिनी पद्धतीत शुद्ध केलेले मूळही बाकीच्या औषधांआधी तासभर वा अधिक उकळतात, म्हणजे त्यातल्या ॲकोनिटीन या विषाचे विघटन होऊन ते सौम्य होते. उकळणे कमी पडले तर पहिली खूण ओठ आणि जीभ बधिरण्याची, पुढे हृदयाचे ठोके बिघडतात. आधीच मुंग्यांनी हैराण रोगी हे जुनेच दुखणे समजून पुढचा पेला घेतो. तोंड बधिरले की काढा बंद करून रुग्णालयात जावे आणि उरलेला काढा सोबत न्यावा.