शिरेवाटे द्यावयाच्या औषधांची मात्रा-गणना

डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा रुग्णाचे वजन, औषधाची तीव्रता (एका मिलीलिटरमध्ये किती औषध आहे ते) आणि देण्याचा कालावधी यांच्याशी जुळवून मिलीलिटरमध्ये किंवा मिनिटाला पडणाऱ्या थेंबांत मांडण्याच्या कृतीला मात्रा-गणना म्हणतात. गोळी रक्तात उतरायला वेळ लागतो. शिरेत गेलेले औषध मात्र तत्क्षणी रक्तात मिसळते आणि माघारी घेता येत नाही, म्हणून हा हिशेब सुई टोचण्यापूर्वीच बिनचूक असावा लागतो.

सलाईनची गती काढताना एकूण मिलीलिटरला एका मिलीलिटरमधील थेंबांनी गुणून मिनिटांनी भागतात. साध्या सेटमधून (सलाईनच्या नळीतून) बहुधा २० थेंबांचा, तर मायक्रोड्रिप म्हणजे बारीक थेंबांच्या सेटमधून ६० थेंबांचा एक मिलीलिटर होतो. हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. ५०० मिलीलिटरची बाटली ८ तासांत द्यायची, तर साध्या सेटने मिनिटाला सुमारे २१ थेंब पडले पाहिजेत. सिस्टर मनगटावरचे घड्याळ थेंबांच्या नळीशेजारी धरून पूर्ण मिनिटभर मोजते आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून तासांच्या खुणा करते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हाने शरीरातील पाणी आटलेल्या रुग्णाला तीच बाटली तासाभरात द्यायची ठरली, तर मिनिटाला १६७ थेंब होतात. ते डोळ्यांनी मोजणे शक्य नसते, तेथे बाटलीवरील खुणांवरच भिस्त ठेवावी लागते.

खरी जोखीम गुणाकार-भागाकारात नसून एककांत आणि वजनात आहे. डोपामिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाची २०० मिलिग्रॅमची अँप्युल (काचेची छोटी कुपी) ५० मिलीलिटरपर्यंत पातळ केली की प्रत्येक मिलीलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजेच ४,००० मायक्रोग्रॅम औषध येते. ६० किलोच्या रुग्णाला दर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे, तर तासाला १८,००० मायक्रोग्रॅम लागतात आणि सिरिंज पंप (ठरलेल्या गतीने औषध सोडणारे यंत्र) ताशी ४.५ मिलीलिटरवर लावावा लागतो. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत झाली, तर चूक हजार पटींची होते. वजनाची चूक एवढी ठळक दिसत नाही. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून रुग्णवाहिकेतून आडवाच आलेला रुग्ण काट्यावर उभा राहू शकत नाही आणि नातेवाइकांना विचारावे लागते. सोलापुरात हा प्रश्न कधी तेलुगूत, कधी कन्नडमध्ये करावा लागतो. अंदाजाने ६० धरलेला माणूस प्रत्यक्षात ४८ किलोचा निघाला, तर त्याच गतीने त्याला ५ ऐवजी ६.२५ मायक्रोग्रॅम मिळत राहतात. म्हणून अंदाजे वजन केसपेपरवर ‘अंदाजे’ असेच नोंदवणे आणि शक्य होताच प्रत्यक्ष वजन करणे अत्यावश्यक आहे.

दशांशचिन्हाबाबतही शिस्त लागते: ‘.५’ ऐवजी ‘०.५’ लिहावे आणि ‘५.०’ कधीही लिहू नये, कारण घाईत ते ५० वाचले जाते. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या वायल (बाटल्या) दर मिलीलिटरला १,००० आणि ५,००० युनिट अशा दोन्ही तीव्रतांच्या मिळतात, त्यामुळे लेबल पाहिल्याशिवाय मिलीलिटर ठरवता येत नाहीत.

पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतीत गतीचा हिशेब जिवावर बेततो. १० मिलीलिटरच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांचे प्रमाण मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. ते सिरिंजने थेट शिरेत कधीही ढकलत नाहीत, कारण त्याने हृदय बंद पडू शकते. सर्वसाधारण वॉर्डात ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटची मर्यादा पाळतात. एक अँप्युल ५०० मिलीलिटर सलाईनमध्ये नीट मिसळली, तर ती बाटली २ तासांच्या आत संपता कामा नये. साध्या सेटवर मिनिटाला ८३ थेंब ही तिची वरची हद्द ठरते.