पहिल्या पावसातली उपासमार

गूल्डियन फिंच हा जवळजवळ फक्त गवताच्या बियांवर जगणारा पक्षी. त्याच्या शेजारचे इतर फिंच अडीनडीला किडेमुंग्या टिपतात. हा सहसा त्या वाटेला जात नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात, किंबर्ली आणि कॅथरीनच्या आसपासच्या खडकाळ टेकड्यांवर, ज्वारीच्याच कुळातलं एक रानगवत माजतं. पावसाळा सरताना त्याचं बी जमिनीवर गळतं आणि पुढचे कोरडे महिने हा पक्षी तेच वेचून खातो. पिल्लंही त्यावरच वाढतात. मग नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास पहिला दमदार पाऊस येतो आणि जमिनीवरचं सगळं बी जवळजवळ एकदमच रुजतं. रान हिरवंगार दिसतं, पण खायला दाणा उरत नाही.

या पक्ष्याचं भवितव्य ठरतं ते याच काही आठवड्यांत, असं मला वाटतं. त्याची पिसं बदलण्याचा काळही याच सुमाराचा, म्हणजे अंगाला जास्त ताकद हवी असते तेव्हाच चारा आटतो. अशा वेळी थवे टेकड्या सोडून सखल भागात उतरतात आणि बहुवर्षायू गवतांचं नवं बी शोधतात. ‘काकाटू ग्रास’ हे त्यातलं महत्त्वाचं गवत, कारण पाऊस सुरू झाल्यावर ते लवकर बी धरतं.

नेमकं हेच गवत मार खातं. गुरं त्यावर तुटून पडतात, रानडुकरं ते मुळासकट उकरतात आणि उरलंसुरलं वणव्यात होरपळतं. आग या प्रदेशाला नवी नाही. तिथले आदिवासी समाज हजारो वर्षं कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवतात ओल असतानाच, छोटे छोटे तुकडे जाळत आले. अशी आग संथपणे जाते, पाचोळा साफ करते आणि पडलेलं बी पाखरांना दिसू लागतं. पण ही रीत अनेक ठिकाणी मोडली, आणि मग कोरड्या ऋतूच्या शेवटी लागणारे प्रचंड वणवे वाढले. त्यांत गवत तर जातंच, पण पोकळ खोडांची जुनी युकॅलिप्टसची झाडंही जातात. गूल्डियन फिंच अंडी घालतो त्या याच झाडांच्या ढोलीत.

ढोलीत जेमतेम उजेड असतो. पिल्लाच्या चोचीच्या कोपऱ्यांवर मात्र मोत्यासारखे निळसर उंचवटे असतात. आत शिरणारा थोडासा प्रकाशही ते परावर्तित करतात, त्यामुळे अंधारातही आईबापांना उघडलेलं तोंड सापडतं.

मोठ्या पक्ष्याचे रंग तर प्रसिद्धच आहेत: हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळं पोट. डोकं बहुतेकांचं काळं, काहींचं लाल आणि फार क्वचित पिवळं. काळ्या आणि लाल डोक्याच्या पक्ष्यांची जोडी जमली तर पिल्लांत, विशेषतः माद्यांत, मरतूक जास्त होते. अशा जोडीतली मादी नर पिल्लंच जास्त घालते, हे संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिलं. याच रंगांपायी हजारो पक्षी पिंजऱ्यात गेले. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला रानातली पकड थांबली, तरी संख्या पूर्वपदावर आली नाही. श्वासमार्गातल्या एका परजीवी माइटवरही (कोळ्याच्या कुळातला सूक्ष्म जीव) बराच दोष ठेवला गेला. पण मुळाशी चारा आहे, आणि पिंजऱ्यातले पक्षी रानात सोडून तो प्रश्न सुटणार नाही.

म्हणून आता कामाचा भर जमिनीवर आहे. किंबर्लीतल्या मॉर्निंग्टन अभयारण्यात गुरांना आवर घातला जातो आणि ऋतूच्या सुरुवातीलाच ठरवून छोट्या आगी लावल्या जातात. काही ठिकाणी ढोलींच्या जागी लाकडी पेट्याही टांगल्या आहेत. पक्षी त्या वापरतात.

मोजणी होते ती कोरड्या ऋतूच्या अखेरीस, उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर भल्या सकाळी. करड्या-हिरव्या रंगाची पिल्लं आणि रंगीत प्रौढ वेगवेगळे मोजतात. पिल्लं भरपूर दिसली तर वीण चांगली झाली इतकंच कळतं. त्यातली किती पहिल्या पावसानंतरची टंचाई पार करून जगली, हे पुढच्या वर्षी त्याच पाणवठ्यावर प्रौढ मोजले की समजतं.